थोरलीच्या कार्डावर

चटईच्या कारखान्यात मी हजेरी मांडायचो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या रांगेत आमची पत्र्याची लांबलचक शेड होती. दाराशी एक लाकडी टेबल, टेबलावर मस्टर आणि मस्टरमागे मी. कामावर येणारा प्रत्येकजण माझ्यासमोरून जायचा. मी मान वर करायचो, चेहरा बघायचो, खूण करायचो आणि पुन्हा मान खाली. सव्वीस वर्षं हेच केलं. बायको म्हणायची, "तुम्ही जेवताना भाकरीसुद्धा हजर का गैरहजर ते बघता." लग्नाच्या पंगतीत बसलो तरी कोण आलंय यापेक्षा कोण आलं नाही हे मला आधी दिसायचं.

माझ्या मस्टरचा मला गर्व होता, हेही सांगून टाकतो. त्यात खाडाखोड नसायची, दोन शाया नसायच्या. शेठ कधी म्हणाले, "अरे, तो उशिरा आला तरी पूर्ण दिवस मांड, आपल्या ओळखीतला आहे," तर मी पेन टेबलावर ठेवून त्यांच्याकडे नुसता बघत राहायचो. ते हसून निघून जायचे. नाकाने कांदे सोलण्यात माझा हात धरणारा त्या वसाहतीत दुसरा कुणी नव्हता. आणि अशा माझ्या मस्टरमध्ये अकरा वर्षं एक धडधडीत खोटं रोज लिहिलं जात होतं, माझ्याच सुवाच्य अक्षरात.

आम्ही त्याला खोटं म्हणत नव्हतो. 'जागा राखणं' म्हणायचो. निम्मे कारागीर आजूबाजूच्या खेड्यांतले. कापूस फुटला की वेचणीला घरी जावं लागे, कुणाचं बाळंतपण असे, कुणाचा सासरा अंथरुणाला खिळलेला असे. महिना-दीड महिना माग रिकामा ठेवला तर शेठ दुसरा माणूस बसवणार. म्हणून जाणारी बाई आपली बहीण, भावजय, नाहीतर जाऊ आणून माझ्या टेबलासमोर उभी करायची. "भाऊ, मी येस तवलग हाई जागा राखी." आलेली बाई त्याच मागावर, त्याच कार्डावर, त्याच नावाने काम करायची आणि मूळची परतली की घरी जायची. शेठचं म्हणणं एवढंच, की माग चालू दिसला पाहिजे, चालवणारं कोण याच्याशी मला काय करायचंय? त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे कापडाचं दुकान टाकून बसले होते. तीन पिढ्यांत त्या घराला खानदेशी माणसाची नस बरोबर सापडली होती. मी कार्डावरचं नाव बघायचो आणि खूण करायचो. आपल्या लोकांची सोय होते, कुणाचं वाईट होत नाही, मग कशाला फाटे फोडा, असं मी मनाला समजावलं होतं.

थोरली माझ्याच भागातली, शिंदखेड्याकडची. कारखान्यात ती मागावर आली तेव्हा तिथे बायका कमीच होत्या. चांगली कारागीर होती, पण चार-पाच वर्षांत तिचा खांदा गेला. चटईचा माग हाताने ओढावा लागतो आणि दिवसभर ओढावा लागतो. एके दिवशी ती आपल्या धाकट्या जावेला घेऊन आली.

"भाऊ, पंधरा दिन फक्त. मना खांदा भलता दुखी ऱ्हायना."

पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. मधे थोरलीच्या नवऱ्याने धुळ्यात रिक्षा घेतली आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. नाव बदलायचं म्हटलं तर धाकटी नवी कामगार ठरणार, शिकाऊ म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणार. ते तिलाही नको होतं, शेठलाही नको होतं आणि मला तर कागद वाढलेले कधीच आवडले नाहीत. तेव्हा कार्ड थोरलीचंच राहिलं. फंडाच्या कागदावर थोरली, बँकेच्या खात्यावर थोरली, आणि खात्याचं प्लास्टिकचं कार्ड धाकटीच्या कमरेच्या पिशवीत. एका शब्दाचा वाद त्या दोघींत कधी झाला नाही. कारखान्यात सगळे एकीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. मीही तसंच म्हणायचो.

धाकटी तोंडाने फटकळ होती. मी कधी घाईत चेहरा न बघता खूण केली तर दारातून परत फिरून यायची. "काय हो भाऊ, मान तं वर करी नही तुम्ही. मी उनी का मना जागे म्हैस उनी, कसं समजनं?" सगळी रांग हसायची आणि मला राग यायचा. पण तिच्या हाताला तोड नव्हती. रंगीत प्लास्टिकच्या पोकळ नळ्या ताण्याच्या उभ्या दोऱ्यांत अशा बसवायची, की किनारीला एक नळी पुढे नाही की मागे नाही. तिची चटई पसरली की शेवटपर्यंत सरळ पसरायची, कोपरा उचलला जायचा नाही. दुकानदार गठ्ठ्यातून तिच्याच चटया वेचून घ्यायचे. त्यांना अर्थातच हे हात कुणाचे ते ठाऊक नव्हतं.

मग बाहेरच्या देशातली चटई आली. पहिल्यांदा मी ती बाजारात एका दुकानाच्या दर्शनी भागात पाहिली. आत स्पंज, वर छापलेली फुलं, घडी घातली की पिशवीत मावणारी आणि आमच्या चटईपेक्षा स्वस्त. मी बोटाने दाबून बघितली. मऊ होती. खोटं कशाला बोलू, बसायला आमच्यापेक्षा बरी होती. दुकानदार म्हणाला, "नाना, तुमचीही आहे, मागे ठेवलीय." वर्षभरात मागे ठेवलेलीही दिसेनाशी झाली. आमच्याकडे आधी रात्रपाळी बंद पडली, मग आठवड्यातले दोन दिवस, आणि मग एका दुपारी शेठ स्वतः शेडमध्ये आले. ते नेहमी केबिनमधून हाका मारत. आज ते मागांमधून चालत आले आणि म्हणाले, "मागांना तेल घालून झाकून ठेवा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सहा महिन्यांनी त्याच शेडमध्ये त्यांनी बाहेरून आलेल्या चटयांचं गोदाम केलं. लोकांनी त्यांना खूप शिव्या दिल्या. मला मात्र त्या देता आल्या नाहीत. व्यापाऱ्याने दुसरं काय करायचं असतं?

मधल्या काळात जो तो पोटामागे पांगला. कुणी डाळमिलमध्ये गेलं, कुणी केळीच्या ट्रका भरायला. धाकटी केळीचे घड वाहायला लागली. बागेतून रस्त्यापर्यंत घड खांद्यावर आणायचा. चिकाच्या डागांनी तिच्या साड्या काळ्या पडल्या. नवरा मालधक्क्यावर हमाली करायचा, पण त्याला रोज काम मिळायचं नाही. तिची मुलगी बारावीत होती.

आणि मग सरकारची योजना आली. बाहेरच्या मालामुळे जे कारखाने बंद पडले त्यांतल्या कामगारांना काही महिने मदत आणि नवं काम शिकवायची सोय. योजनेचं नाव एवढं लांब होतं की ते म्हणेपर्यंत दम लागायचा. आम्ही तिला नुसतं 'मदत' म्हणायचो. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर त्याहून जास्त लागले. पण आली खरी. विणणाऱ्यांसाठी केळीच्या खोडाच्या धाग्याचं काम होतं. आमच्याकडे केळी काढल्यावर खोडं बांधावर कुजत पडतात. त्यांतून यंत्राने धागा काढायचा आणि मागावर विणायचा. शिकून झालं की यंत्रावर कायमचं काम देणार, असं सांगत होते. माझ्यासारख्या टेबलावरच्यांना संगणक. अट एकच होती, कारखान्याच्या मस्टरवर सलग नाव पाहिजे आणि ते आधारशी जुळलं पाहिजे. शेठनी सगळी मस्टरं माझ्या ताब्यात दिली होती. ज्या लोकांनी आयुष्यभर मला खडूस म्हटलं ते आता रस्त्यात थांबून नमस्कार करायला लागले.

धाकटी एका सकाळी माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. बायकोने बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, मनं नाव लावा."

मी तिला समजावून सांगितलं. मस्टरवर थोरली आहे. तुझं नाव घालायचं म्हणजे मला लिहून द्यावं लागेल की इतकी वर्षं मी खोटं मांडलं. एक खोटं निघालं तर सरकारी साहेब सगळं मस्टर बाजूला ठेवतील. साठ-सत्तर घरं त्या मस्टरवर आस लावून बसली आहेत. एकीसाठी सगळ्यांचं कसं बुडवू?

ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मंग मी अकरा वरीस कोठे व्हतू?"

ती गेल्यावर बायको म्हणाली, "ती रोज तुमच्यासमोरून गेली ना?" मी तिच्यावर ओरडलो. आज लिहिताना कबूल करतो, की साठ-सत्तर घरांचं जे मी म्हणत होतो ते अर्धंच खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात माझं एकट्याचं घर होतं. खोट्या मस्टरवाल्याला मदत कोण देणार? मला माझी मदत जायची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती या गोष्टीची, की ज्या मस्टरवर मी जन्मभर मिरवलो ते चुकीचं होतं असं चारचौघांत म्हणावं लागेल.

तरी मन खात होतं. म्हणून मी तिला घेऊन धुळ्याला गेलो, थोरलीकडे. एरंडोल, पारोळा करत एसटी जाते. दोन-अडीच तास धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. थोरलीने आमचं आगत-स्वागत चांगलं केलं. कळण्याची भाकर, ठेचा, वर कांदा. जेवणं होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग मी काढला.

थोरली एकदम उसळली. "कार्ड मनं, नाव मनं. मी तिले जागा दिधी तव्हय तिनी चूल पेटनी. आते तीच मनं नाव पुसाले निंघनी का?"

"पुसाले नही उनी, अक्का," धाकटी म्हणाली. "मनं लावाले उनी."

दोघीही खऱ्या होत्या. थोरलीने दिलेल्या जागेवर धाकटीचं घर उभं राहिलं होतं, आणि ती जागा धाकटीच्या हातांमुळे टिकली होती. थोरलीचा खांदा त्या मागानेच खाल्ला होता, तेव्हा तिचाही त्या मदतीवर काहीच हक्क नाही असं मला म्हणवेना. दोघी दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या. मग मी, शहाण्याने, तोडगा काढला. फॉर्म थोरलीच्या नावाने भरू. मदत येईल ती दोघींनी वाटून घ्या. शिकायला धाकटी जाईल. जागा राखायची, आणखी काय! इतकी वर्षं चाललं, आणखी सहा महिने चालेल. थोरलीने मान डोलावली. धाकटी उठून भांडी घासायला गेली आणि तिकडूनच म्हणाली, "ठीक शे." परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली.

आम्ही सगळे एक गोष्ट विसरलो होतो. शिकवणी केंद्राच्या दारात मी नव्हतो. तिथे भिंतीला एक लहानसं यंत्र लावलेलं होतं आणि त्यावर अंगठा ठेवावा लागायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पहिल्या दिवशी धाकटीने अंगठा ठेवला तर यंत्र लाल दिवा दाखवून ओरडलं. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा ओरडलं. मी रांगेत तिच्या मागे दोन माणसं सोडून होतो. यंत्राला काय सांगणार, की ही आमची जागा राखणारी आहे म्हणून?

दुसऱ्या दिवशी थोरली धुळ्याहून आली. पिशवीत दोन साड्या आणि खांद्याला लावायचं तेल घेऊन धाकटीच्या घरी मुक्कामालाच आली. आणि मग जे सुरू झालं ते बघून हसावं की रडावं कळेना. सकाळी थोरली यंत्रावर अंगठा ठेवायची, हिरवा दिवा लागायचा, आणि धाकटी आत जाऊन मागावर बसायची. थोरली बाहेर व्हरांड्यात कूलरच्या वाऱ्यात बसून राहायची, शिपायाशी गप्पा मारायची, कुणाच्या तरी घरची तूरडाळ निवडून द्यायची. संध्याकाळी पुन्हा अंगठा. विणकाम शिकवणारे मास्तर वयस्कर होते. ते फक्त हात बघायचे, चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष नसायचं. केंद्राचे साहेब तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले. ते यादी बघायचे. चाळीस बायकांच्या गर्दीत आठ-दहा दिवस हे खपून गेलं.

मी संगणकाच्या खोलीत, व्हरांड्याला लागून असलेल्या खिडकीशी बसायचो. माझं वय साठीला आलेलं, बोटं जाड, एकेक अक्षर शोधायला वेळ लागायचा. पडद्यावरून नजर काढली की थोरली दिसायची. पहिले दोन दिवस ती मजेत होती. नंतर तिची गंमत गेली. ती दाराच्या फटीतून आत बघत राहायची, जिथून धाकटीचा माग दिसायचा. एकदा मी पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा ती मला म्हणाली, "दखा भाऊ, कशी बसाडस. मले अशी कधी जमनी नही." केळीचा धागा प्लास्टिकसारखा ऐकत नाही. तो तुटतो, फुगतो, सतत ओला ठेवावा लागतो. धाकटीने पाच दिवसांत त्याला वळण लावलं होतं.

तिची पहिली चटई पूर्ण झाली तेव्हा मास्तरांनी ती उचलून साहेबांना नेऊन दाखवली. साहेबांनी ती टेबलावर पसरली, चारही कोपरे दाबून बघितले. जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवायची ठरवली. मागाचा नंबर यादीत बघितला, एका चिठ्ठीवर थोरलीचं नाव लिहिलं, चिठ्ठी चटईला दोऱ्याने बांधली आणि फोटो काढायला बाहेर आले. कुठे आहेत त्या बाई? शिपायाला यंत्रामुळे थोरली नावासकट पाठ होती; खांदा दुखतो म्हणून मधूनमधून बाहेर टेकते, असं ती त्याला सांगायची. त्याने कौतुकाने तिला हाताला धरून पुढे आणलं. साहेबांनी चटई तिच्या हातात दिली. सगळ्या बायका बाहेर आल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. धाकटी सगळ्यांत मागे, दाराला धरून उभी होती.

थोरलीने चटईवरून हात फिरवला. चिठ्ठीवरचं नाव वाचलं. तिला वाचता येतं, सातवी झालेली आहे ती.

"साहेब," ती म्हणाली, "हाई मी विनेल नही."

साहेबांना वाटलं ती लाजते आहे. ते हसले.

"हासू नका. अंगठा मना शे. हात तिना शेतस." आणि तिने मागे वळून धाकटीकडे बोट दाखवलं.

धाकटी ओरडली, "अक्का, गप ऱ्हाय!"

"कितला दिन गप ऱ्हाऊ? आते फोटोमा बी मीच का?"

मी खिडकीतून हे सगळं बघत होतो. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी थोरलीला विचारलं, मग धाकटीला, आणि त्या दोघींनी जे घडलं ते जसं होतं तसं सांगितलं. अकरा वर्षं. थोरलीचं कार्ड, धाकटीचा माग. फक्त माझं नाव दोघींनीही घेतलं नाही. साहेब म्हणाले, "पण मग मस्टर कोण लिहीत होतं?" व्हरांड्यात आमच्या कारखान्यातली निदान पंचवीस माणसं होती. कुणीही माझ्या खिडकीकडे बघितलं नाही. ज्यांच्या नावाआड मी लपलो होतो, तीच माणसं मूग गिळून मला वाचवत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी खुर्ची सरकवून उठलो आणि बाहेर आलो.

"मी लिहीत होतो," मी म्हणालो.

पुढे त्या प्रकरणाचं काय झालं ते इथेच सांगतो. माझी मदत थांबली. चौकशी सुरू आहे, दोनदा बोलावणं आलं, एकदा चांगलंच झापलं. थोरलीचं नाव यादीतून निघालं. ती धुळ्याला परत गेली आणि जाताना खांद्याचं तेल धाकटीच्या घरी विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे. बाकी साठ-सत्तर घरांपैकी एकाचीही मदत गेली नाही. साहेबांनी प्रत्येकाला बोलावून, दोन-दोन साक्षी घेऊन, एका आठवड्यात सगळं तपासून टाकलं. म्हणजे ज्या भीतीची मी एवढी मोठी भिंत बांधली होती, तिच्यामागे एका आठवड्याचं काम होतं. धाकटीला नियमात बसवायला वरून परवानगी लागते, ती अजून आलेली नाही. पण साहेबांनी तिला मागावरून उठवलं नाही. ती शिकते आहे, खरं म्हणजे आता दुसऱ्यांना शिकवते आहे.

त्या दिवशी साहेबांनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बसवलं. रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले. कोरा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "जे आहे ते लिहून द्या. या बाईंचं काही व्हायचं असेल तर ते तुमच्याच कागदावर होईल. दुसरा पुरावा कुठे आहे?"

मला अशी भाषा तोंडपाठ. 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,' इथून पेन जे सुटलं ते थांबलंच नाही. मी कुठे कामाला होतो, काय काम करत होतो, जागा राखायची पद्धत काय, ती मला ठाऊक असूनही मी फंडाच्या ऑफिसला कळवली नाही. थोरलीचं संपूर्ण नाव, तिचा कार्ड नंबर, न बघता लिहिला. धाकटी कोणत्या महिन्यात पहिल्यांदा आली तेही लिहिलं. तिचा माग कितवा, ती वर्षातून किती वेळा गैरहजर राहिली, मुलगी आजारी असताना कोणते चार दिवस सलग आली नव्हती, सगळं मला आठवत होतं. साहेब बघत राहिले. मला बरं वाटायला लागलं होतं. खोटं मांडलं असेल, पण माणूस मी विसरलो नव्हतो, असं वाटलं.

मग मी लिहिलं, 'सदर कार्डावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या महिलेचे नाव', आणि पेन थांबलं.

मला वाटलं, वयामुळे क्षणभर सुचत नसेल. मी पुन्हा आठवून बघितलं. मग कळलं की यात आठवण्यासारखं काही नाहीच. अकरा वर्षं ती रोज माझ्यासमोरून गेली, मी तिच्याशी भांडलो, तिच्यासोबत धुळ्याला जाऊन आलो, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

खोलीत कूलरचा आवाज होता. थोरलीला बहुधा आधी समजलं, तिने मान खाली घातली. मी धाकटीकडे बघितलं. पहिल्यांदाच मी तिला अहो-जाहो केलं.

"ताई, तुमचं नाव काय?"

धाकटीने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता ही काहीतरी फटकळ बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. पण तिला राग आलेला दिसला नाही. ती विचारात पडली. कुणीतरी खूप दिवसांनी विचारल्यावर आपलं सामान कुठे ठेवलंय ते माणूस आठवून बघतं, तशी.

"माहेरनं सांगू का सासरनं, भाऊ?" तिने विचारलं.